थोड्या पाण्याचा हिशेब

इसवी सन २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातुरास आगगाडीने पिण्याचे पाणी नेण्यात आले, ही गोष्ट बहुतेक वाचकांस स्मरत असेल. पहिल्या गाडीस १० वाघिणी होत्या व त्यांत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ती गाडी स्टेशनात आली तेव्हा साऱ्या देशाचे डोळे तिच्याकडे लागले होते. तेवढेच पाणी आपल्या गावाकडील रीतीप्रमाणे पाटाने शेतास सोडले असते, तर पुरत्या दोन एकरांसही त्याचे एक पाणी झाले नसते. हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून आजच्या पाठाचा आरंभ हिशेबानेच करू. हा पाठ जे आपल्या गावी वाचून दाखवितील त्यांनी पुढील आकडे फळ्यावर किंवा जमिनीवर लिहून दाखवावे, म्हणजे ऐकणारांच्या ध्यानात राहतील.

एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्यावर एक सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीइतके पाणी उभे केले, तर ते ४०,००० लिटर भरते. परंतु पाटाने भिजवणी करिताना साधारणतः सात-आठ सेंटिमीटर पाणी शेतात जाते. म्हणजे एकरी एका पाळीस सुमारे ३ लाख लिटर लागतात. १०,००० लिटरच्या टँकरचे हे तीस फेरे झाले. आता आपल्या विहिरीकडे पाहा. २० फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. तेव्हा आत झरा येत नसेल तर एका एकराच्या एकाच पाळीसाठी ३४ फूट पाणी उपसावे लागेल. फाल्गुनात इतके पाणी किती विहिरींत असते?

दुसऱ्या बाजूनेही हाच हिशेब मांडता येतो. जल जीवन मिशनने खेड्यातील माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. त्या मानाने १०० माणसांच्या वस्तीस दिवसाला ५,५०० लिटर लागतात. एक एकर जमिनीस एकदा पाटाने दिलेले पाणी त्या वस्तीस सुमारे ५४ दिवस पुरले असते. शेतास पाणी देऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पीक बुडाले तर वस्ती तरी कशावर जगणार? म्हणणे इतकेच की, दुष्काळात शेतातील पाणी व घागरीतील पाणी ही दोन निराळी पाणी नसून एकाच झऱ्याची आहेत. म्हणून शेतात जे वाया जाते ते कोणत्या वाटेने जाते, हे नीट पाहिले पाहिजे.

शेतात सोडलेल्या पाण्यास चार वाटा असतात. काही पाणी उघड्या मातीवरून वाफ होऊन उडून जाते. काही मुळांच्या खाली झिरपून जाते. ते पुष्कळदा विहिरीस परत मिळते खरे, पण ते उपसण्याचा खर्च मात्र परत मिळत नाही. काही तण पिऊन टाकते. आणि उरलेले पीक पिते. या चौथ्या वाटेसाठीच आपण एवढा खटाटोप करितो. तरी पाटाच्या भिजवणीत पुष्कळदा निम्म्याहून अधिक पाणी पहिल्या तीन वाटांनी निघून जाते. आपल्या देशावरच्या उन्हाळ्यात उघड्या टाकीतील पाणी दिवसाला सुमारे एक सेंटिमीटरने खाली जाते, हे कोणीही काडीला खूण करून पाहावे. ओल्या मातीवरही तेच ऊन व तोच वारा असतो. पाणी वाचविण्याच्या ज्या म्हणून रीती आहेत त्या सर्वांचे मर्म एकच: जमीन भिजवावयाची नाही, मूळ भिजवावयाचे आहे.

याची प्रचीती पाहण्यास एक सोपा प्रयोग आहे. दोन सारखे पत्र्याचे डबे घ्यावे, त्यांत सारखी माती भरावी व सारखेच पाणी घालावे. एकावर चार बोटे जाडीचे भुसकट किंवा वाळके गवत पसरावे, दुसरा उघडा ठेवावा. दोन्ही तराजूत तोलून त्यांचे वजन लिहून ठेवावे व डबे उन्हात मांडावे. तीन दिवसांनी पुन्हा तोलावे. उघड्या डब्याचे वजन किती अधिक घटले हे मुलांस स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे. ज्याला हे पटले त्याला पुढचे सारे सहज पटेल.

प्रथम शेताचा विचार करू. पहिली गळती शेताच्या बाहेरच, पाटात होते. लांब, वाकडातिकडा, गवताने भरलेला कच्चा पाट विहिरीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत किती पाणी पितो हे पाहावयाचे असेल, तर मोटर सुरू केल्यापासून पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत किती वेळ गेला ते मोजावे. तेवढा वेळ दर पाळीस पाटासच पाणी पाजण्यात जातो. ज्याला शक्य असेल त्याने तेथे पाइप घालावा. ज्याला शक्य नसेल त्याने निदान पाट सरळ करून, तण काढून, चिकणमातीने लिंपून घ्यावा. दुसरी गळती वाफ्यात. लांब-रुंद वाफा उंचसखल असला की खोलगट जागी गुडघाभर चिखल व उंचवट्यावर कोरडे ढेकूळ, अशी स्थिती होते. आणि तो उंचवटा भिजावा म्हणून सारा वाफा बुडवावा लागतो. म्हणून वाफे लहान करावे व सारे सपाट करावे. हे काम बिनपैशाचे आहे. पण कंटाळवाणे असल्यामुळेच ते मागे पडते.

सरी-वरंब्यावर पीक असेल तर एक आड एक सरीस पाणी द्यावे: या पाळीस पहिली, तिसरी, पाचवी, पुढच्या पाळीस दुसरी, चौथी, सहावी. वरंब्याची एक बाजू ओली व एक कोरडी राहते, मुळे ओल्या बाजूने पितात, आणि कोरड्या सरीतून वाफ उडत नाही. भारी काळ्या जमिनीत ही रीत विशेष चांगली लागू पडते, कारण त्या मातीत ओल आडवी पसरते. वाळूसारख्या हलक्या जमिनीत पाणी सरळ खाली जाते, म्हणून तेथे तिचा इतका उपयोग नाही. पाणी शक्यतो सायंकाळी किंवा पहाटे द्यावे. विजेची पाळी आपल्या हाती नसते हे आम्हांस ठाऊक आहे; पण निवड करिता येत असेल तेव्हा भर दुपारची तरी टाळावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो, जिच्यासाठी यंत्र लागत नाही व पैसाही लागत नाही. पीक आपल्या साऱ्या आयुष्यात सारखे तहानलेले नसते. त्याच्या वाढीत असे काही दिवस येतात की, त्या वेळी मिळालेले एक पाणी इतर वेळच्या तीन पाण्यांचे काम करिते, आणि तेच चुकले तर मागाहून कितीही पाजले तरी तूट भरून येत नाही. रब्बी ज्वारीस एकच पाणी देण्याची ऐपत असेल तर ते पेरणीपासून ५० ते ५५ दिवसांनी, ज्वारी पोटरीत असता द्यावे. दोन देता येत असतील तर पहिले २८ ते ३० दिवसांनी द्यावे, तेव्हा ती झपाट्याने वाढत असते. हरभऱ्यास फांद्या फुटताना, फुलोऱ्यात व घाटे भरताना पाणी हवे असते. दोनच पाणी असतील तर ३० ते ३५ दिवसांनी एक व ६० ते ६५ दिवसांनी दुसरे. हरभऱ्यास मात्र पाणी तुंबू देऊ नये, नाहीतर मूळ कुजते. थोडे देण्यातच त्याचे हित आहे. गव्हास एकच पाणी देता येत असेल तर ते सुमारे ४० ते ४२ दिवसांनी द्यावे. परंतु ज्याच्या विहिरीत गव्हाच्या साऱ्या पाळ्यांचे पाणी नाही, त्याने गहू पेरण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पेरणीच्या दिवशीच बोटांवर मोजून पोटरीचा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा. शेजाऱ्याने पाणी सोडले म्हणून आपणही सोडले, ही रीत सुकाळात चालून जाते, दुष्काळात चालत नाही.

जिरायत शेतकऱ्यास वाटेल की, आमच्याकडे विहीरच नाही, तर हे आम्हांस कशाला? त्याच्याकडे विहीर नसली तरी पाण्याचा साठा आहे, आणि तो म्हणजे त्याच्या काळ्या मातीतील ओल. परतीच्या पावसाने ती भरली जाते व रब्बी ज्वारीचे पीक मुख्यत्वे तिच्यावरच उभे राहते. तो साठा राखण्याची विद्या नवी नाही. १९३३ साली सोलापूर येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनास आरंभ झाला, आणि तेथील शिकवणीचा सारांश असा होता की, उतारास आडवे बांध घालून पावसाचे पाणी शेतातच जिरवावे, बी कमी पेरावे, ओळी लांब ठेवाव्या व वारंवार कोळपावे. जुने शेतकरी कोळपणीस अर्धे पाणी म्हणतात ते याच कारणाने. काळी जमीन वाळू लागली म्हणजे तिला भेगा पडतात, आणि प्रत्येक भेग म्हणजे खालची ओल बाहेर जाण्याचे उघडे दार होय. कोळप्याने वरची माती भुसभुशीत झाली म्हणजे ते दार मातीनेच बुजते. ज्वारीस पेरणीपासून तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात अशा तीन कोळपण्या द्याव्या. आठव्या आठवड्यातली दातेरी कोळप्याने, कारण तोपर्यंत भेगा रुंदावलेल्या असतात. कित्येक लोक तण दिसत नाही म्हणून कोळपणी चुकवितात. कोळपणी तणासाठी आहेच, परंतु भेगांसाठी ती त्याहून अधिक आहे.

कोळपणीच्या जोडीस आच्छादन. उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट, वाळके गवत, झाडाचा पाला, जे मिळेल ते ओळींच्या मधल्या जागेत पाच ते सात सेंटिमीटर जाडीने पसरावे. पाचट जाळण्याची जी चाल पडली आहे ती सोडून देणेच बरे. एका काडीने जे जळते ते शेतातील ओलीचे पांघरूण असते. दोन सावधगिरी मात्र बाळगाव्या. कोरड्या मुलखात वाळवी फार, म्हणून आच्छादन खोडास चिकटवू नये, चार बोटे जागा मोकळी ठेवावी. आणि जनावरांस वैरण नसताना कडबा शेतात पसरणे हा शहाणपणा नव्हे. जे गुरे खात नाहीत तेच पसरावे.

पाऊस अगदीच दगा देऊ लागला तर मन घट्ट करून पीक विरळ करावे. उभे रोप उपटणे शेतकऱ्याच्या हातास जड जाते, हे खरे. परंतु जेवढी रोपे तेवढी तोंडे, आणि ओल तर ठरलेलीच आहे. फळबागेतही तेच. २०१२ व २०१३ सालच्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा वाळून गेल्या. आठ-दहा वर्षे वाढविलेली झाडे लोकांना कुऱ्हाडीने तोडावी लागली. अशा वर्षी बहराचा लोभ सोडावा, लहान फळे काढून टाकावी, हलकी छाटणी करावी, आळ्यात पालापाचोळा भरावा आणि झाड जगेल एवढेच पाणी द्यावे. एक बहर गेला तर पुढल्या वर्षी येतो; मोसंबीचे झाड गेले तर नवे फळास येण्यास पाच वर्षे लागतात. पानांवर पांढऱ्या केओलिन मातीचे ८ टक्के प्रमाणाचे पाणी फवारण्याची शिफारस कृषी विद्यापीठे करितात. त्या पांढऱ्या थराने ऊन परावृत्त होते व पान कमी पाणी उडविते.

आता परसबागेकडे वळू; आणि या भागावर आमच्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावे, कारण ते पाणी बहुधा त्यांच्याच डोक्यावरून आलेले असते.

परसबागेसाठी मातीच्या मडक्याइतके चांगले व स्वस्त साधन दुसरे नाही. ही युक्ती फार जुनी आहे. चीन देशात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फान शेंगझी नामक कृषिलेखकाने तिचे वर्णन केले आहे. भाजलेल्या मातीच्या मडक्यास असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. असे मडके जमिनीत पुरून पाण्याने भरले की, सभोवतीची कोरडी माती त्यातून पाणी ओढून घेते. माती ओली झाली की ओढ मंदावते. रोपांनी ओल प्यायली की माती पुन्हा ओढू लागते. म्हणजे किती पाणी द्यावे हे आपणांस ठरवावे लागत नाही. वरची माती कोरडीच राहते, म्हणून वाफ उडत नाही व तणही उगवत नाही.

मडके निवडताना चूक होऊ नये. चकाकी दिलेले किंवा रंगविलेले मडके निरुपयोगी. कुंभाराकडून साधे, पाच ते दहा लिटरचे, पातळ पाठीचे मडके घ्यावे व पाण्याने भरून सावलीत ठेवावे. काही तासांत त्याची पाठ सर्व बाजूंनी ओलसर व्हावी, परंतु थेंब गळू नये. ज्या माठात पाणी चांगले गार होते तोच माठ या कामास चांगला, कारण गारवा पाझरण्यानेच येतो. म्हणून घरातला जुना, पाणी गार न करणारा माठ सहज हाताशी आहे म्हणून पुरला, तर बहुधा निराशाच पदरी पडते. पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रे बुजलेली असतात. तो वापरावयाचाच असेल तर त्याच्या तळाशी बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवावी. मग पाणी वातीवाटे हळूहळू मुळाशी जाते. आंबा, चिंच, शेवगा यांची नवी रोपे पहिला उन्हाळा जगविण्यास हे वातीचे मडके फार सोयीचे.

मडक्याच्या तिप्पट रुंद व दुप्पट खोल असा खड्डा घ्यावा. खणलेली माती चाळून तिच्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. जमीन काळी व चिकट असेल तर थोडी वाळूही घालावी, नाहीतर ती वाळताना फाटते व मडक्यापासून सुटते. मडके गळ्यापर्यंत पुरून भोवतालची माती हाताने दाबून बसवावी. हे दाबणे महत्त्वाचे आहे. मडके व माती यांच्यामध्ये पोकळी राहिली तर माती पाणी ओढूच शकत नाही, आणि मग लोक मडक्यास दोष देतात. पाण्याने भरून तोंडावर घट्ट झाकण ठेवावे. झाकण केवळ बाष्पासाठी नव्हे. उघड्या मडक्यात डास होतात व डेंग्यूचा ताप घरात येतो. मग मडक्याच्या पाठीपासून चार बोटांवर, चारी दिशांस, दोडका, भोपळा, काकडी, कारले यांचे बी लावावे. वांगी व टोमॅटो यांची रोपेही चालतात. अंकुर फुटून मुळे ओलीपर्यंत पोचेस्तोवर वरून थोडथोडे पाणी हाताने द्यावे लागते, पुढे नाही. वेलांसाठी दोन मडक्यांत सुमारे एक मीटर अंतर पुरे.

हिशेब पाहा. सात-सात लिटरची १० मडकी म्हणजे ४० वेल. उन्हाळ्यात मडके साधारणतः दोन-तीन दिवसांत भरावे लागते; म्हणजे त्या वेळी सुमारे ७० लिटर, चार-पाच घागरी. एका कुटुंबास भाजी पुरून शेजारी देण्याइतकी ती बाग होते. पाणी गढूळ असेल तर फडक्याने गाळून भरावे, नाहीतर गाळ आत बसून मडके बुजते. हंगाम संपला की मडके काढून, काथ्याने आतबाहेर घासून, उन्हात वाळवून ठेवावे.

मोरीच्या पाण्याविषयी दोन शब्द पुरे आहेत. अंघोळीचे व भांड्यांचे पाणी केळ, पपई, शेवगा यांस खुशाल द्यावे, पण आळ्यात दगडगोटे व पालापाचोळा घालून त्यातून जिरू द्यावे; साठवून ठेवू नये, एका दिवसात त्यास दुर्गंधी सुटते. कोथिंबीर, मुळा वगैरे जे आपण कच्चे खातो त्यास ते घालू नये. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी नित्य एकाच जागी ओतले तर जमीन बिघडते.

ठिबक सिंचन हा शब्द आता खेडोपाडी सर्वांच्या तोंडी आहे, म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. सिमखा ब्लास नामक जलअभियंत्याने एका गळक्या नळाजवळचे झाड भोवतालच्या झाडांहून मोठे वाढलेले पाहिले व त्यावरून त्यास ही कल्पना सुचली, असे सांगतात. बारीक भोक पाडले तर ते लवकर बुजते. म्हणून त्याने भोक बारीक करण्याऐवजी पाण्यास लांब व वळणाची वाट दिली, म्हणजे जोर आपोआप मोडून थेंब थेंबच बाहेर पडतो. १९६५ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटातील हात्सेरीम येथे या साधनाचा कारखाना निघाला. आपल्याकडे १९८० च्या दशकात जळगाव येथून त्याचा मोठा प्रसार झाला. चांगल्या निगेतील ठिबकाने दिलेल्या पाण्यापैकी ८५ ते ९० टक्के मुळांस पोचते. डाळिंब, मोसंबी, केळी, कापूस, भाजीपाला यांस ते उत्तम. दाट पेरलेल्या गव्हा-हरभऱ्यास तुषार सिंचन अधिक सोयीचे. मात्र तुषार वाऱ्यात व दुपारी चालवू नये. दोन्हींस शासनाचे अनुदान मिळते. त्याची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीत आधी करावी, आणि मगच दुकानात जावे. ठिबक घेतल्यानंतरचे काम म्हणजे गाळणी धुणे, नळ्यांची टोके उघडून गाळ सोडून देणे व उंदीर-खारींनी कुरतडलेल्या जागा पाहणे. ज्याच्याने हे होणार नाही त्याने त्यात पैसे घालू नयेत; कोपऱ्यात गुंडाळून पडलेल्या नळ्या कोणत्या गावात नाहीत?

येथवर वाचून कोणी म्हणेल, पाणी वाचविण्याच्या रीती कळल्या, आता दुष्काळाचे भय नाही. येथेच मोठा फसवा टप्पा आहे. ज्याने ठिबक घालून दोन एकरांचे पाणी वाचविले तो पुष्कळदा त्याच पाण्यावर तिसरा व चौथा एकर लावितो. त्याचे उत्पन्न वाढते, परंतु विहीर पूर्वीइतकीच, किंबहुना अधिक वेगाने आटते. कारण पूर्वी मुळांखाली जिरून जे पाणी परत येत असे तेही आता येत नाही. मग तो आणखी खोल बोअर घेतो, आणि शेजारच्या गरिबाची उथळ विहीर आधी कोरडी पडते. रीत चांगली, पण वाचलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न तिने सुटत नाही.

उसाचेच पाहा. उसास एका हंगामात सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. आरंभी सांगितलेल्या लातूरच्या पहिल्या गाडीसारख्या १६ गाड्या एका एकरास झाल्या. महाराष्ट्रात ऊस पेरणीखालच्या जमिनीच्या जेमतेम विसाव्या हिश्शावर आहे, आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा तोच पितो. ऊस लावणारास दोष देऊन आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. त्यास बांधील भाव मिळतो व ज्वारीस मिळत नाही, ही गोष्ट कोणास दिसत नाही? तरीही टँकर गावात येत असता उसास पाटाने पाणी चालू असणे ही स्थिती कोणाही विचारी मनुष्यास बोचल्यावाचून राहणार नाही.

या प्रश्नाचा निकाल काही गावांनी स्वतःच्या पुढाकाराने लावलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे काम आरंभिले व त्यातून १९७४ च्या सुमारास पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम असा की, पाण्याची वाटणी जमिनीच्या मानाने न करिता माणसांच्या मानाने करावयाची: घरात जितकी माणसे त्या प्रत्येकामागे अर्ध्या एकराचे पाणी, आणि त्यासही ठरलेली मर्यादा. भूमिहीनासही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येत नाही. ऊस लावावयाचा नाही. हे नियम वाचण्यास सोपे, परंतु ज्याच्या नावावर वीस एकर आहेत त्याने ते मान्य करणे किती कठीण, हे आपल्या गावच्या ग्रामसभेत हा विषय काढून पाहिल्यावाचून कळणार नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर, १९९० च्या दशकात, अशीच वाट धरिली. शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही. ऊस व केळी लावावयाची नाही. आणि दर वर्षी पाऊस संपल्यावर गावचे पाणी मोजून ग्रामसभेत हिशेब मांडावयाचा. प्रथम माणसांचे व जनावरांचे पाणी बाजूस काढतात, मग उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात ते ठरवितात. पाऊस कमी झाला त्या वर्षी पाण्याची पिके कमी करितात. हे गाव पावसाळी मुलखातले नाही. सह्याद्रीच्या पाठीशी, आपल्यासारख्याच पर्जन्यछायेतले आहे.

आपल्या गावात इतके होईपर्यंत एका विहिरीपुरते तरी ज्याचे त्यास करिता येईल. एक लांब सुताची दोरी घ्यावी, तिला दर फुटावर गाठ मारावी, टोकास दगड बांधावा. दिवाळीनंतर दर महिन्याच्या पहिल्या दिवशी, रात्रभर उपसा बंद ठेवून सकाळी ती विहिरीत सोडावी, आणि किती गाठी भिजल्या ते विहिरीजवळच्या भिंतीवर खडूने तारखेसह लिहावे. गोल विहिरीचा व्यास फुटांत मोजून त्यास त्याच संख्येने गुणावे व येणाऱ्या संख्येस २२ ने गुणावे. म्हणजे एका गाठीचे लिटर निघतात. २० फुटी विहिरीस २० गुणिले २० म्हणजे ४००, त्यास २२ ने गुणून ८,८००. भिजलेल्या गाठींतून घरची माणसे, गुरे आणि त्या विहिरीवर घागर घेऊन येणारी शेजारची घरे यांचे ज्येष्ठाअखेरचे पाणी आधी वजा करावे. राहिलेल्या गाठी किती, त्यावरून हरभऱ्यास दोन पाणी द्यावयाची की एक, हे ठरवावे. आणि तो आकडा घरातील सर्वांस दिसेल असा, दाराजवळ, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.